साहाय्याची परिभाषा आणि दारिद्र्याची गणना : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

शास्त्रीय परिभाषेतील शब्दाचा अर्थ तज्ज्ञांच्या संमतीने ठरतो आणि नित्य व्यवहारातील शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या वहिवाटीने ठरतो, ही गोष्ट भाषाभ्यासकांस परिचित आहे. या दोहोंहून निराळा असा तिसरा वर्ग राज्यकारभाराच्या परिभाषेचा होय. येथे अर्थ ठरतो तो शासन निर्णयातील एखाद्या परिच्छेदाने. आणि तो एकदा ठरला म्हणजे त्या दिवसापासून काही घरी पैसे पोचू लागतात व काही घरी पोचत नाहीत. ‘निराधार’, ‘पात्र’, ‘शेतकरी’, ‘कुटुंब’, ‘दारिद्र्यरेषा’ हे शब्द या वर्गातील आहेत. त्यांचा कोशातील अर्थ कोणाही सुशिक्षिताला सांगता येईल. कचेरीतील अर्थ मात्र तो शब्द आपणास लागू पडतो असे सिद्ध करू पाहणाऱ्यालाच पुरता कळतो. या दोन अर्थांमधील अंतर किती आहे आणि त्या अंतरात कोण अडकते, हे पाहण्यास वर्धा जिल्हा विशेष सोयीचा आहे.

त्याचे एक कारण ऐतिहासिक आहे. १९५६ पर्यंत वर्धा हा जिल्हा जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा, म्हणजे पुढील मध्य प्रदेश राज्याचा, भाग होता. त्या राज्याने १९५० च्या अधिनियमाने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले आणि डॉ. रघुवीर यांच्या संस्कृतनिष्ठ परिभाषेचे वारे नागपुरातूनच वाहू लागले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य व १९६० मध्ये महाराष्ट्र, असा या जिल्ह्याचा पुढील प्रवास झाला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनामे व व्यवहारातील संज्ञा नव्याने बांधल्या; १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. या सर्व उलाढालीखाली महसुली कारभाराची जुनी अरबी-फारसी भाषा मात्र जशीच्या तशी राहिली. पश्चिम महाराष्ट्रात तालुका व मामलेदार हे शब्द रूढ असता वर्ध्यास तहसील व तहसीलदार हेच शब्द चालत आले आहेत. परिणामी साहाय्याच्या भाषेत एक चमत्कारिक श्रमविभागणी दिसते. जे द्यावयाचे त्याची नावे संस्कृत आहेत : अनुदान, साहाय्य, लाभ, निवृत्तिवेतन. ते मिळविण्याच्या वाटेवर जे जे लागते त्याची नावे मात्र बहुधा अरबी-फारसी आहेत : अर्ज, दाखला, हजर, हयात, वारस, मंजूर, नामंजूर. खेड्यातील माणसाचा खरा संबंध या दुसऱ्या यादीशी येतो. पहिली यादी तो फलकावर वाचतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झाली. तिच्या नावातील ‘निराधार’ हा शब्द सामान्य मराठीत एका अवस्थेचा वाचक आहे. ज्याला कोणाचा टेकू उरला नाही तो निराधार. योजनेने या अवस्थेचे वर्ग पाडले. अंध, अपंग, क्षयरोग, पक्षाघात वा कर्करोगाने पीडित, कुष्ठरोगी, विधवा, परित्यक्ता, पोटगी न मिळणारी घटस्फोटिता, देवदासी, कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, असे वर्ग कालांतराने वाढत गेले व सिकलसेलचे रुग्णही त्यात आले. ज्या जिल्ह्यात दत्तपूरची कुष्ठसेवा १९३६ पासून चालत आली आणि ज्याच्या खेड्यांत सिकलसेल हा काही दूरचा रोग नव्हे, तेथे हा वर्गविस्तार कागदी म्हणता येणार नाही. परंतु वर्गात बसणे पुरेसे नसते. उत्पन्नाची मर्यादा ओलांडलेली नसावी अशी दुसरी अट आहे, आणि येथे शब्दाचा अर्थ आकड्यात शिरतो.

२०११-१२ या वर्षाचे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. त्याच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने योजना आयोगाने ग्रामीण महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा दरमहा दरडोई ९६७ रुपये ठरविली. पाच माणसांच्या कुटुंबाला हा हिशेब लावला तर मासिक खर्च ४,८३५ रुपये व वार्षिक खर्च ५८,०२० रुपये होतो. म्हणजे शासनाच्याच एका यंत्रणेने ज्या रेषेखाली माणूस दरिद्री ठरतो असे म्हटले, तिच्या जेमतेम ३६ टक्के इतक्या उत्पन्नावर दुसऱ्या यंत्रणेने ‘निराधार’पणाची सीमा आखली होती. एक आकडा खर्चाचा व दुसरा उत्पन्नाचा आहे, ही तफावत लक्षात घेऊनही हे अंतर लहान ठरत नाही. वर्षाला २१,००० म्हणजे दिवसाला सुमारे ५८ रुपये. त्यावर पाच माणसांचे घर चालत असेल तर ते घर निराधार. ही मर्यादा पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली, महागाई मात्र टिकून राहिली नाही.

मग मर्यादेत बसणारी माणसे आढळतात कशी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर ‘दाखला’ या शब्दात आहे. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखादे विधान पटवून देण्यासाठी सांगितलेले उदाहरण हा एक, आणि अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हा दुसरा. पहिला दाखला वास्तवाकडे बोट दाखवितो. दुसरा वास्तव निर्माण करतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांतून (ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली) ज्या विधानांना कृतिस्वरूप विधाने म्हटले, त्यांचे तहसील कचेरीतील उत्पन्नाच्या दाखल्याइतके शुद्ध उदाहरण क्वचित सापडेल. शेतमजुराच्या हाती वर्षभरात किती मजुरी आली याची नोंद कोणाच्याच वहीत नसते. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर, निंदणाची दिवसावर, सोयाबीन कापणीची एकरावर; त्यात पावसाचा खंड, आजारपण व उचल. अशा उत्पन्नाचा नेमका आकडा सांगणे अर्थशास्त्रज्ञालाही कठीण. तरीही दाखल्यावर आकडा येतोच, आणि तो बहुधा मर्यादेच्या किंचित आत असतो. यात लबाडी पाहणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः अशक्य प्रश्नाला दिलेले ते एकमेव शक्य उत्तर होय.

दुसरा दाखला हयातीचा. लाभ चालू राहावा म्हणून आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कळवावे लागते. व्याकरणदृष्ट्या ‘मी जिवंत आहे’ हे वाक्य बोलले जाताच खरे ठरते. कारभारात ते शिक्का बसेपर्यंत खरे ठरत नाही.

वृद्धांसाठीच्या योजनेचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना असे आहे. यातील ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द नोकरी व तिची समाप्ती या दोन्ही गोष्टी गृहीत धरतो. ज्या वृद्धेने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण केले, ती कोणत्या सेवेतून निवृत्त झाली, हे तो शब्द सांगत नाही. गावातील बोलीने हा पेच आपल्या रीतीने सोडविला आहे. विदर्भातील खेड्यांत या पैशाला ‘पगार’ म्हणतात; ‘निराधारचा पगार आला काय?’ असा प्रश्न बँकेच्या दारात सहज ऐकू येतो. पगार हा कामाचा मोबदला असतो, त्यात उपकार नसतो. शासनाच्या ‘अनुदान’ या शब्दातील ‘दान’ लोकांनी असे मुकाट्याने गाळून टाकले, ही अर्थपरिवर्तनाची घटना अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे. ‘लाभार्थी’ या शब्दाची गतही काहीशी अशीच. विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्या धर्तीवर लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. प्रत्यक्षात ज्याला लाभ मिळाला तोच लाभार्थी म्हणविला जातो. ज्याची इच्छा अपुरी राहिली त्याला परिभाषेत नावच नाही.

आता गणनेकडे वळावे. दारिद्र्याच्या मोजणीशी वर्ध्याचा संबंध जुना आहे. १९३४ च्या अखेरीस येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली व तिने सहाशेंहून अधिक गावांची पाहणी केली. त्या पाहणीचा रोख गावात काय पिकते, काय घडते व काय बाहेर जाते, याकडे होता. पुढे ज्या रेषेने देशभर दारिद्र्य मोजले गेले तिचा पाया निराळा. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या अभ्यासात दरडोई रोज २,२५० उष्मांक पुरविणारा आहार हे किमान मानले व त्यावरून खर्चाची पातळी काढली. १९७९ च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० उष्मांक धरले. २००९ च्या तेंडुलकर समितीने केवळ उष्मांकांचा आधार सोडला. या पद्धतीने २०११-१२ साली महाराष्ट्रातील १७.३५ टक्के, व ग्रामीण महाराष्ट्रातील २४.२२ टक्के, लोक दरिद्री ठरले.

हा आकडा वर्धा जिल्ह्याचा किती, असे विचारले तर उत्तर सरळ मिळत नाही. खर्चाच्या या पाहण्या नमुन्यावर आधारलेल्या होत्या, आणि त्यांचा नमुना जिल्ह्यापुरता भरवशाचा अंदाज देण्याइतका मोठा नव्हता. त्यांच्या प्रदेशविभागणीत वर्धा हा अमरावती विभागातील पाच जिल्हे व नागपूर यांच्या पंगतीत बसतो. नागपूर शहराची समृद्धी व यवतमाळच्या कोरडवाहू खेड्यांची ओढगस्त यांची सरासरी काढून जो अंक हाती येतो, त्यात आष्टी किंवा समुद्रपूर तहसिलीची स्थिती शोधणे म्हणजे विहिरीच्या पाण्यात एका घागरीचे पाणी शोधणे होय. जनगणनेचे आकडे जिल्हावार मिळतात, पण ते दुसरेच चित्र दाखवितात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ व साक्षरता ८६.९९ टक्के आढळली. राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती. साक्षरतेत राज्याच्या पुढे असलेला हा जिल्हा २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे संकटग्रस्त ठरलेल्या सहा जिल्ह्यांत होता. सरासरीवरून निष्कर्ष काढण्याची ज्यांना घाई असते त्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

‘अनुशेष’ या शब्दाचीही हीच मर्यादा आहे. प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात हा शब्द रूढ केला; विदर्भाच्या राजकीय बोलीत तो इतका मुरला आहे की त्याचे पारिभाषिक मूळ आता कोणास आठवत नाही. पण अनुशेष मोजला गेला तो रस्ते, सिंचन, शाळा यांचा. तो जिल्ह्याचा असतो, माणसाचा नसतो.

माणसापर्यंत, निदान कुटुंबापर्यंत, पोचते ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी. २००२ च्या ग्रामीण पाहणीत १३ निर्देशकांवर प्रत्येकी शून्य ते चार असे एकूण ५२ गुण होते. ज्याला गुण कमी तो अधिक दरिद्री. जमीन, घर, अंगावरचे कपडे, दोन वेळचे जेवण यांबरोबरच शिक्षणालाही गुण होते, त्यामुळे मुलगा शिकला की घर यादीतून वर सरके. साक्षरतेत पुढे असलेल्या वर्ध्यासारख्या जिल्ह्यात याचा परिणाम काय होणार, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय यादीतील संख्या नमुना पाहणीच्या अंदाजाशी जुळविण्याचे बंधन होते. म्हणजे किती कुटुंबे दरिद्री आहेत हे आधी ठरले, आणि ती कोणती हे नंतर.

या तेरांपैकी एक निर्देशक कर्जाचा होता व तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. रोजच्या गरजेसाठी खाजगी व्यक्तीकडून कर्ज काढणाऱ्यास शून्य गुण, केवळ संस्थांकडून कर्ज घेणाऱ्यास तीन. सावकाराचे, नातलगाचे वा दुकानदाराचे ऋण हे या यादीच्या भाषेत दारिद्र्याचे लक्षण होते, आणि ते यथार्थ होते. आता याच ऋणाचा दुसऱ्या शासकीय परिभाषेतील अर्थ पाहावा.

डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांचा व जुलै २००६ मध्ये केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. वर्धा हा महसुली दृष्ट्या नागपूर विभागातला. तरीही संकटाच्या नकाशात तो अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांना जोडला गेला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांचे ‘सानुग्रह अनुदान’ देण्याची पद्धतही याच काळात स्थिरावली. त्यातील ३०,००० रुपये हाती व उरलेली रक्कम ठेव म्हणून. अनुग्रह हा देवाचा किंवा गुरूचा असतो. त्यावर हक्क सांगता येत नाही. इंग्रजी कायद्यातून आलेल्या संकल्पनेला हा प्रतिशब्द योजणाऱ्याने शब्द अचूक निवडला, असेच म्हणावे लागते.

प्रत्येक मृत्यूची चौकशी होऊन प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे येते. मृत व्यक्ती शेतकरी होती काय, तिच्यावर बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज होते काय, आणि नापिकी व कर्जफेडीचा तगादा यांमुळे मृत्यू घडला काय, या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तर प्रकरण पात्र, नाही तर अपात्र. येथे बिनपरवाना सावकार, आप्त किंवा कृषिकेंद्राची उधारी यांना स्थान नाही. जे ऋण एका यादीत माणसाला सर्वांत दरिद्री ठरविते, तेच दुसऱ्या कागदावर ऋण म्हणून नोंदलेच जात नाही. अर्थशास्त्रज्ञ श्रीजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा सर्वाधिक कुटुंबांत आढळलेले कारण कर्जबाजारीपणाचेच होते. पण त्या पाहणीला कर्ज परवान्याचे की बिनपरवान्याचे, या प्रश्नावर कोणाचा निकाल द्यावयाचा नव्हता.

‘शेतकरी’ शब्दाचीही तीच कथा. प्रथम सातबाऱ्यावर नाव असेल तो शेतकरी. पुढे कुटुंबातील कोणाच्याही नावे जमीन असली तरी चालेल, असा अर्थ विस्तारला. पण मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याची जमीन वाहणारा, ज्याचा करार तोंडी असतो, तो या विस्तारातही बसला नाही. २००७ च्या राष्ट्रीय कृषक धोरणाने कुळे, वाटेकरी, शेतमजूर, पशुपालक या साऱ्यांना शेतकरी म्हटले. ती व्याख्या धोरणातच राहिली. ज्या जिल्ह्यात शेती कसणाऱ्या मालकांपेक्षा शेतमजुरांची संख्या अधिक आहे, तेथे संकुचित व्याख्येच्या बाहेर कोण राहतो हे उघड आहे. ‘शेतकरी’ शब्दाचे स्त्रीलिंगी रूप ‘शेतकरीण’ बोलीत आहे, परिभाषेत नाही.

‘पात्र’ हा शब्द मूळचा भांड्याचा वाचक. ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून तो आला. ज्यात ओतावे ते पात्र, त्यावरून ज्याला द्यावे तो पात्र, आणि दानधर्माच्या विचारात सत्पात्र-कुपात्र असा विवेक. शासकीय परिभाषेने हा शब्द येथूनच उचलला. ‘मदतीस पात्र असलेल्या कुटुंबातील आत्महत्येचे प्रकरण’ या लांब पदसमूहातील मधली पदे कचेरीच्या घाईत लोप पावली, विशेषण कुटुंबावरून निसटून मृत्यूवर जाऊन बसले, आणि ‘पात्र आत्महत्या’ व ‘अपात्र आत्महत्या’ हे शब्दप्रयोग तयार झाले. जिल्ह्याच्या तक्त्यात तिसरा रकाना ‘चौकशीसाठी प्रलंबित’ असा असतो. मध्यमपदलोपाने मराठीत अनेक सुंदर समास निर्माण झाले आहेत. हा त्यांपैकी नव्हे. वृत्तपत्रांनीही तो जसाच्या तसा उचलला आणि वाचकांच्या तो अंगवळणी पडला.

राहिला ‘कुटुंब’ हा शब्द. जुन्या मराठीत तो पत्नी या अर्थीही चाले. आजच्या परिभाषेत तो योजनेगणिक बदलतो. शिधापत्रिकेवर जितकी नावे तितके कुटुंब. केंद्राच्या कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वर्षे वयाची प्रमुख कमावती व्यक्ती वारल्यास २०,००० रुपये मिळतात. तेथे ‘प्रमुख कमावती’ कोण हे ठरले की कुटुंब ठरते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या माझी लाडकी बहीण योजनेने कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले अशी व्याख्या केली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीला दरमहा १,५०० रुपये, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. निराधार योजनेची रक्कमही २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झाली होती. म्हणजे २०२४ साली तीच रक्कम ‘बहीण’ म्हणून घ्यावयाची तर अडीच लाखांच्या आतील उत्पन्न पुरे होते, आणि ‘निराधार’ म्हणून घ्यावयाची तर २१,००० च्या आतील दाखला हवा होता. जी एक घेते ती दुसरीस अपात्र. बारा पटींच्या आसपास कठोर असलेल्या निकषातून पार पडलेल्या विधवेस त्या कठोरपणाबद्दल एक रुपयाही अधिक मिळत नव्हता. योजनांच्या नावांतही अवस्थेकडून नात्याकडे असा प्रवास दिसतो : निराधार, मग श्रावणबाळ, मग लेक, मग बहीण. अवस्था सिद्ध करावी लागते, नाते जाहीर करता येते.

या साऱ्या व्याख्या एकाच घरावर कशा येऊन पडतात, हे कल्पनेने पाहता येईल. देवळी तहसिलीतील एखादे घर घ्यावे. तीन एकर कोरडवाहू जमीन सासऱ्याच्या नावे, आणखी दोन एकर मक्त्याने. मुलगा शेती पाहतो. बियाण्यांची उधारी कृषिकेंद्रात, लग्नाचे कर्ज मामाकडे. मुलाने आत्महत्या केली. सासऱ्याच्या सातबाऱ्यामुळे तो ‘शेतकरी’ ठरेल, पण कर्ज संस्थेचे नसल्याने प्रकरण ‘अपात्र’ होईल. विधवा सून ‘निराधार’ या वर्गात बसेल; सासऱ्याचे उत्पन्न तिच्या ‘कुटुंबा’त धरले गेले तर मर्यादेबाहेर जाईल, न धरले तर आत राहील. लाडक्या बहिणीच्या व्याख्येत सासरा मुळीच नाही. आणि ज्या जमिनीवर ती दुसऱ्या वर्षीही तूर व कापूस पेरील, तिच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्यापैकी ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता, आणि ३३ टक्के स्त्रियांना आपणास निवृत्तिवेतन मिळू शकते हेच ठाऊक नव्हते.